स्पर्धा न खेळणारे तगडे बुद्धिबळपटू: ताकद मोजायची कशी आणि त्यांना स्पर्धेत आणावे का?

मध्यपट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज मांडतोय. थोडे लांबेल, पण सगळे सांगितल्याशिवाय प्रश्न नीट विचारता येणार नाही.

मी अकरा वर्षे स्पर्धा खेळतोय. क्लासिकल, म्हणजे लांब डावांचे, रेटिंग १८०० ते १९०० च्या मध्ये अडकून आहे. आमच्या कार्यालयात विजेच्या दुरुस्तीचे काम बघणारे एक गृहस्थ आहेत, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीत मी फोनवर एक कोडे सोडवत होतो. काका शेजारी स्टुलावर चढून दिवा बदलत होते. खाली उतरता उतरता त्यांची नजर पडद्यावर गेली आणि म्हणाले, "घोडा देऊन टाका. राजाला घर उरत नाही." मी तोवर वजिराच्या चालींतच अडकलो होतो. घोडा दिला. चार चालींत मात.

तेव्हापासून आम्ही खेळतो. पाच-पाच मिनिटांचे डाव. मी वहीत हिशेब ठेवलाय: ११४ डाव झाले, त्यातले ६८ त्यांनी जिंकले, ३१ मी, १५ बरोबरीत. आयुष्यात त्यांनी एकही स्पर्धा खेळलेली नाही. शिकले मोठ्या भावाकडून. पांढऱ्यांनी कायम प्यादे डी४ आणि मग उंट एफ४ (ए ते एच उभे रकाने, एक ते आठ आडव्या रांगा). या सुरुवातीला लंडन म्हणतात हे त्यांना माझ्याकडून कळले. विचार चालू असताना दोन्ही हात मांडीवर असतात. हात वर आला की चाल ठरलेली असते. पटावर तो घुटमळलेला मी एकदाही पाहिला नाही.

गेल्या रविवारी मी त्यांना पहिल्यांदाच लांब डावाला बसवले. प्रत्येकी एक तास. मधला खेळ त्यांनी माझ्यापेक्षा चांगला केला, पण मोहरे कटत गेले आणि शेवटी माझ्याकडे हत्ती व एक प्यादे, त्यांच्याकडे नुसता हत्ती. त्यांचा राजा ई८ वर. माझा राजा डी५, प्यादे ई५. ही फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोर यांनी १७७७ मध्ये मांडलेली बरोबरीची स्थिती. काकांनी हे कधी वाचलेले नाही, तरी हत्ती आपणहून ए६ वर आणून ठेवला आणि माझ्या राजाची वाट अडवली. मी थक्क झालो. मग मी प्यादे ई६ वर ढकलले. इथे हत्ती थेट पहिल्या रांगेत नेऊन मागून शह देत राहायचे असते. काका ती रांग सोडायला तयार होईनात. हत्ती बी६, परत ए६. तेवढ्यात माझा राजा ई५ वरून एफ६ वर शिरला आणि शेवटच्या रांगेत मात दिसू लागली. त्यांनी डाव सोडला, तेव्हा त्यांच्या घड्याळात अजून ३८ मिनिटे शिल्लक होती.

सोमवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले. वीजमापकाच्या नोंदीच्या कागदामागे पेन्सिलीने पट काढलेला. म्हणाले, "हत्ती खाली न्यायला हवा होता. प्यादे पुढे गेल्यावर तुमच्या राजाला लपायला जागाच नव्हती." एका रात्रीत, पुस्तकाशिवाय, संगणकाशिवाय.

आता माझे प्रश्न. अशा माणसाची खरी ताकद किती धरायची? असे लोक स्पर्धेपासून लांब का राहतात? आणि मी त्यांच्या मागे लागून त्यांना एखाद्या स्पर्धेत उतरवावे का? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय.

रात्रपाळी

छान लिहिलंय. तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: नको. त्यांना जे हवं ते मधल्या सुट्टीत मिळतंय.

गणिती_प्यादे

पहिल्या प्रश्नावर लिहितो, कारण तुम्ही हिशेब ठेवलाय आणि तो फार कमी लोक ठेवतात.

६८ विजय आणि १५ बरोबऱ्या म्हणजे ११४ पैकी ७५.५ गुण, साधारण ६६ टक्के. एलो या रेटिंग काढण्याच्या पद्धतीत ६६ टक्के म्हणजे जवळपास १२० गुणांचा फरक. म्हणजे पाच मिनिटांच्या डावात, फक्त तुमच्याविरुद्ध, काका तुमच्यापेक्षा १२० ने वर आहेत. हे तीन शब्द लक्षात ठेवा: पाच मिनिटे, फक्त, तुमच्याविरुद्ध. तुमचे क्लासिकल रेटिंग अधिक १२० म्हणजे काकांचे क्लासिकल रेटिंग, असे म्हणता येत नाही. फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना २०१२ पासून रॅपिड (जलद) आणि ब्लिट्झ (अतिजलद) डावांची रेटिंग वेगळी ठेवते ते याच कारणाने. एकाच खेळाडूच्या तीन आकड्यांत दोनशेचा फरक असणे अगदी नेहमीचे आहे.

लोक जिथे फसतात ती गोष्ट वेगळीच. "त्याने अमुक मास्टरला हरवले होते" असे आपण नेहमी ऐकतो. २०० गुणांनी वरच्या खेळाडूशी दहा डाव खेळलात तर सरासरीने अडीचच्या आसपास गुण तुम्हाला मिळायलाच हवेत. ४०० चा फरक असला तरी अकरा डावांत एक गुण. तेव्हा कधीतरी कोणाला तरी हरवले, यातून काहीच सिद्ध होत नाही. ११४ डावांची वही मात्र खूप काही सांगते.

काळा_उंट

मी जरा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

माझ्या अनुभवात "स्पर्धा खेळत नाही पण जबरदस्त आहे" असे ज्यांच्याबद्दल सांगितले जाते, त्यातले दहापैकी नऊ जण स्पर्धेत बसले की पहिल्या दोन फेऱ्यांतच उघडे पडतात. त्यांना बुद्धी कमी असते असे मुळीच नाही. पण ज्यांच्याशी ते रोज खेळतात ते सगळे त्यांच्याहून कच्चे असतात. चुकीला शिक्षा होत नाही, त्यामुळे चूक आहे हेच कळत नाही. लंडन खेळणाऱ्याला कार्यालयात कोणी काळ्यांनी सी५ आणि वजीर बी६ करून बी२ वर दाब देत नाही. स्पर्धेत आठ वर्षांचे पोरगे देते.

काकांची गोष्ट मला वेगळी वाटते, आणि तीही त्या सोमवारच्या कागदामुळे. जिंकल्याच्या गोष्टी सगळेच सांगतात. हरलेल्या डावातली चूक रात्रभर बसून शोधणारा माणूस विरळा.

जुने_डाव

विषय माझ्या जिव्हाळ्याचा. काळा_उंट यांच्याशी अर्धा सहमत, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी जरा इतिहास.

"अधिकृत स्पर्धा" हीच मुळात नवी गोष्ट आहे. पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा लंडनला १८५१ मध्ये झाली, जर्मनीचे अँडरसन जिंकले. फिडेची स्थापना १९२४ ची, आणि एलो रेटिंग फिडेने स्वीकारले १९७० मध्ये. त्याआधी शेकडो वर्षे लोक खेळत होते आणि त्यातले काही अफाट खेळत होते. फिलिडोर यांचे गुरू लेगाल पॅरिसच्या कॅफे द ला रेजांसमध्ये बसून खेळायचे. त्यांच्या नावावर खात्रीने सांगता येईल असा एकच डाव उरलाय, वजीर देऊन केलेली ती प्रसिद्ध मात. बाकी सगळे हवेत विरले. अमेरिकेच्या मॉर्फी यांनीसुद्धा उभ्या आयुष्यात मोठी स्पर्धा एकच खेळली, १८५७ ची न्यूयॉर्कची. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये अँडरसन यांना ७ विजय, २ पराभव, २ बरोबऱ्या असे हरवले तो समोरासमोरचा सामना होता. पण मॉर्फी त्या काळातल्या सगळ्यात बलाढ्य माणसांशी खेळले, हे विसरता येत नाही.

आता खरे उदाहरण. महेशचंद्र बॅनर्जी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात जॉन कॉक्रेन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते, युरोपातल्या नामवंतांशी खेळलेले. त्यांची गाठ महेशचंद्रांशी पडली आणि दोघांनी पुढे कित्येक वर्षे असंख्य डाव खेळले. महेशचंद्र आपल्या देशी बुद्धिबळावर वाढलेले, जिथे प्यादे पहिल्या चालीला दोन घरे जात नाही. त्यामुळे काळ्यांनी ते मध्य लगेच पकडत नसत. जी६, उंट जी७, डी६ अशी रचना करून पांढऱ्याला मध्य घेऊ द्यायचे आणि मग बाजूने त्यावर हल्ला करायचा. युरोपला हे विचित्र वाटे. कॉक्रेन यांनी डाव लिहून इंग्लंडला पाठवले म्हणून आज ते आपल्याला दिसतात. आपण काही सुरुवातींना किंग्ज इंडियन, निम्झो इंडियन म्हणतो त्यातला "इंडियन" या माणसाच्या खेळावरून आलाय. १८५५ च्या त्यांच्या एका डावात ग्रुनफेल्ड बचाव सरळसरळ दिसतो. ग्रुनफेल्ड यांनी तो खेळला १९२२ मध्ये, म्हणजे ६७ वर्षांनी. एकही अधिकृत स्पर्धा नाही, रेटिंग नाही, पदवी नाही, आणि नाव जगभरच्या सुरुवातींच्या पुस्तकांत.

मात्र एक गोष्ट मला टोचते. कॉक्रेन भेटले नसते तर? महेशचंद्र तितकेच ताकदवान राहिले असते, पण आपल्याला पत्ताही लागला नसता. असे किती गेले असतील या विचाराने मला खरेच वाईट वाटते.

श्यामला_वाचते

जुने_डाव, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. महेशचंद्रांबद्दल मला काहीच माहिती नव्हती.

मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण स्पर्धेपासून लांब राहिलेली ती मीच आहे.

बाविसाव्या वर्षापर्यंत मी स्पर्धा खेळले. नंतर नाही. लोकांना वाटतं संसारामुळे सुटलं. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. मला खेळ आवडायचा आणि स्पर्धा सोसवत नव्हती. नव्वद मिनिटं, चाळीस चालींनंतर आणखी तीस, शिवाय दर चालीला तीस सेकंद. असा एक डाव सहज चार-पाच तास जातो. काही स्पर्धांत दिवसाला असे दोन डाव. सकाळी हरलं की दुपारी त्याच डोक्याने परत बसायचं. रात्री डोळे मिटले की तोच पट, तीच चुकलेली चाल. शेवटच्या स्पर्धेत मी एक जिंकलेला डाव घड्याळ न पाहिल्यामुळे हरले आणि नंतर तीन आठवडे मला बुद्धिबळाचं नावही नको झालं होतं. तेव्हा ठरवलं की मला हा खेळ म्हातारपणापर्यंत हवाय, म्हणून स्पर्धा सोडायची.

आज मी पत्राने खेळते, म्हणजे संगणकावरूनच, पण एका चालीला काही दिवस असे डाव. समोरच्याशी ठरलेलं असतं की इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणकाचा प्रोग्रॅम, वापरायचं नाही. आंतरराष्ट्रीय पत्रबुद्धिबळ संघटनेच्या अधिकृत सामन्यांत इंजिन चालतं, आणि म्हणून तिथे वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात. त्यात मला रस नाही. मला एखादी स्थिती आठवडाभर मनात वागवायला आवडते. भाजी चिरताना, गाडीची वाट पाहताना ती डोक्यात असते आणि मग अचानक चाल दिसते.

माझी ताकद किती आहे? मला माहीत नाही. मागच्या दहा वर्षांत ती वाढली आहे एवढं नक्की.

मध्यपट (धागाकर्ता)

श्यामलाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हरल्यावर रात्री तोच पट दिसणे मी अकरा वर्षे अनुभवतोय, पण त्यामुळे कोणी खेळ वाचवण्यासाठी स्पर्धा सोडत असेल हे डोक्यात आले नव्हते.

रात्रपाळी

+१. माझ्या पहिल्या ओळीत जे म्हणायचं होतं ते ताईंनी नीट सांगितलं.

नवखा_६४

मला स्वतःबद्दल विचारायचे आहे. मी कधी स्पर्धा खेळलो नाही, पण लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ब्लिट्झ २२०० आहे. म्हणजे मी कँडिडेट मास्टरच्या तोडीचा आहे असे समजायचे का? कारण ती पदवी फिडेच्या २२०० ला मिळते असे वाचले.

गणिती_प्यादे

नवखा_६४, २२०० हा आकडा कष्टाने येतो, तेव्हा आधी अभिनंदन. पण दोन्ही २२०० मध्ये आकडा सोडला तर काही सारखे नाही.

रेटिंग म्हणजे पट्टीवरचे सेंटिमीटर नव्हेत. ते फक्त एवढेच सांगते की या समूहात तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे आहात. लिचेसवर रेटिंग काढायला ग्लिको-२ ही वेगळी पद्धत आहे आणि प्रत्येक नव्या खात्याची सुरुवात १५०० ला होते. तिथला समूह वेगळा, सुरुवात वेगळी, सूत्र वेगळे. एका गावच्या मापाने दुसऱ्या गावचे धान्य मोजण्यासारखे आहे ते. साधारणपणे तिथले आकडे फिडेपेक्षा चढे असतात, पण ठरावीक इतके वजा करा आणि उत्तर मिळवा असे सूत्र नाही. फिडेची पट्टीसुद्धा स्थिर नाही. १ मार्च २०२४ ला त्यांनी तळाची मर्यादा १००० वरून १४०० केली आणि २००० च्या खालच्यांना एकदाच वाढ दिली, २००० पर्यंत जितके कमी त्याच्या ४० टक्के. आदल्या दिवशी १५०० असलेला खेळाडू सकाळी १७०० चा झाला. त्याने रात्रीत एक चालही नवी शिकली नव्हती.

बंद समूहाचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतले. क्लॉड ब्लडगुड नावाचा कैदी तुरुंगातच इतर कैद्यांशी रेटिंगचे डाव खेळत राहिला. नवे कैदी यायचे, त्यांचे रेटिंग व्हायचे, तो त्यांच्याकडून गुण घेत जायचा. १९९६ पर्यंत त्याचा आकडा २७०० च्या वर गेला, देशाच्या यादीत अगदी शिखराजवळ. बरा खेळाडू होता, पण जगातल्या पहिल्या काहींत अर्थातच नव्हता. म्हणून म्हणतो, कोणाशी खेळून आकडा आला हे आधी विचारा.

काळा_उंट

नवखा_६४ यांनी एक प्रयोग करावा. ऑनलाइनच, पण तीस मिनिटांचे वीस डाव खेळा आणि प्रत्येक डावानंतर आधी स्वतः चूक शोधा, मग इंजिन लावा. इंजिन "अचूकता ९५ टक्के" दाखवते त्यावर जाऊ नका. समोरच्याने सोप्या चुका केल्या की आपल्या चालीही सोप्या होतात आणि टक्केवारी आपोआप फुगते.

ऑनलाइन आणि पट यातला फरक किती पडू शकतो त्याचे २०२१ चे उदाहरण आठवते. इंडोनेशियात एका ज्येष्ठ गृहस्थांचे खाते एका प्रसिद्ध इंटरनॅशनल मास्टरला ऑनलाइन हरवल्यानंतर फसवणुकीच्या संशयावरून बंद झाले. देशभर गदारोळ, लोकांना वाटले आपल्या गुणी माणसावर अन्याय झाला. मग त्यांना पटावर तिथल्या आघाडीच्या खेळाडू इरीन सुकंदर यांच्यासमोर बसवले. थेट प्रक्षेपण लाखो लोकांनी पाहिले. तीन डाव, तिन्ही इरीन यांनी जिंकले. लपलेला हिरा सापडावा ही लोकांची इच्छा किती दांडगी असते ते मला तेव्हा कळले. ती इच्छा मला समजते. ती माझ्यातही आहे. म्हणूनच मी आधी पट मांडायला सांगतो.

जुने_डाव

दांडग्या इच्छेचे दुसरे टोक म्हणजे मीर सुलतान खान. कोणी ही कथा रचून सांगितली असती तर विश्वास बसला नसता. पण ती डावागणिक नोंदलेली आहे. वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकलेला पंजाबातला माणूस, सर उमर हयात खान यांच्या पदरी. १९२८ मध्ये अखिल भारतीय विजेता, १९२९ मध्ये ब्रिटिश विजेता, पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्ये. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. युरोपात जेमतेम पाच वर्षे. मालकाबरोबर मायदेशी परतले आणि मोठ्या स्पर्धा कायमच्या संपल्या. १९६६ मध्ये गेले. फिडेने त्यांना ग्रँडमास्टर ही मानद पदवी दिली २०२४ मध्ये.

१९२९ च्या आधी हा माणूस काय होता? आपल्या आजच्या भाषेत स्पर्धा न खेळणारा तगडा खेळाडू. नियम वेगळे, सुरुवातीचा अभ्यास नाही. तरी मधला खेळ आणि शेवटचा खेळ जगातल्या पहिल्या फळीचा. मध्यपट, तुमच्या काकांनी हत्ती ए६ वर आणला हे वाचल्यावर मला पहिले सुलतान खानच आठवले. तुलना करत नाही, पण आठवले.

पंचाची_खुर्ची

उशिरा आलो, पण तिसऱ्या प्रश्नावर माझ्याकडे सांगण्यासारखे आहे. मी बरीच वर्षे पंच म्हणून काम करतो. दर स्पर्धेत दोन-चार जण असे येतात: वय चाळीस-पन्नास, रेटिंग नाही, खेळ पक्का. त्यांचे काय होते ते मी टेबलापाशी उभा राहून पाहिलेय.

पहिल्या फेरीत जोड्या लावण्याच्या स्विस पद्धतीमुळे क्रमवारीच्या वरच्या अर्ध्यातला खेळाडू समोर येतो, कारण बिनरेटिंगचे नाव यादीत तळाला असते. इथपर्यंत ठीक. मग किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) करायचा असतो आणि सवयीने आधी हत्तीला हात जातो. नियमाने हत्तीच खेळावा लागतो, त्या बाजूचा किल्लेकोट गेला. प्यादे शेवटच्या घरात पोचते, वजीर जवळ नसतो, म्हणून घरच्यासारखा हत्ती उलटा ठेवतात. नियमाने तो हत्तीच. एका गृहस्थांचा सरळ जिंकलेला डाव असा गेला. ते माझ्याकडे पाहत होते आणि मला नियम सांगावा लागला. त्या दिवशी मी जेवलो नाही. चाली लिहायची सवय नसते, त्यामुळे दर चालीला लक्ष तुटते. खिशात फोन राहिला तर डाव हातचा जाऊ शकतो.

यातले काहीही बुद्धिबळाच्या ताकदीशी संबंधित नाही. आठवडाभराच्या सरावाने सगळे सुटते. पण ते आधी कोणी सांगत नाही, आणि माणूस "स्पर्धा आपल्यासाठी नाही" असे ठरवून परत जातो. तो परत येत नाही. तेव्हा काकांना आणायचे असेल तर आधी चार लांब डाव घड्याळ लावून, चाली लिहून, हात लावला की खेळलेच पाहिजे या नियमाने तुमच्याबरोबर खेळवा. मगच नाव द्या.

आणि आकड्याच्या अपेक्षेने आणू नका. पहिले रेटिंग मिळायला रेटिंगवाल्या खेळाडूंशी किमान ५ डाव लागतात. आजच्या स्पर्धांत त्या ५ मधले तीन जण दहा-बारा वर्षांचे असतात, ज्यांचे रेटिंग त्यांच्या खऱ्या ताकदीच्या मागे धावत असते. काकांचा पहिला आकडा बहुधा त्यांच्यावर अन्याय करेल.

गणिती_प्यादे

पंचांच्या शेवटच्या मुद्द्याला जोड. नव्या खेळाडूचा के (एका डावाने रेटिंग किती हलते ते ठरवणारा गुणक) ३० डाव होईपर्यंत ४० असतो, म्हणजे आकडा लवकर वरखाली होतो आणि सुरुवातीचा अन्याय भरूनही निघतो. फक्त ते तीस डाव खेळण्याइतका माणूस टिकला पाहिजे.

अवांतर: "ग्रँडमास्टरच्या तोडीचा, पण खेळत नाही" हे वाक्य कोणाबद्दलही वापरू नये असे माझे ठाम मत आहे. त्या पदवीला २५०० रेटिंग आणि साधारणतः तीन नॉर्म (स्पर्धेतली ठरावीक दर्जाची कामगिरी) लागतात, मिळून २७ डाव, दर वेळी २६०० ची कामगिरी, समोर बरेच पदवीधारक, तेही वेगवेगळ्या देशांचे. ती ताकद अशा लोकांशी खेळूनच घडते.

नवखा_६४

गणिती_प्यादे आणि काळा_उंट, आभार. तीस मिनिटांचे सहा डाव झाले. चार हरलो. पाच मिनिटांत मी जे विचार न करता खेळतो तेच तीस मिनिटांतही खेळतोय हे लक्षात आले. वेळ उरतो आणि त्याचे काय करायचे ते कळत नाही.

काळा_उंट

हेच. काकांच्या घड्याळात ३८ मिनिटे उरली होती, आठवा. हत्ती ए६ वरून बी६ ला नेताना त्यातली पाच वापरली असती तर सोमवारचे उत्तर रविवारीच सापडले असते. वेळ वापरणे हे वेगळे कौशल्य आहे आणि माझ्या मते स्पर्धा सगळ्यात जास्त तेच शिकवते.

श्यामला_वाचते

मध्यपट, इतक्या जणांनी काकांबद्दल ठरवलं. त्यांना विचारलंत का?

मध्यपट (धागाकर्ता)

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि खजील झालो. अकरा दिवस मी इथे सल्ला मागतोय आणि त्यांना एका शब्दाने विचारले नव्हते.

काल विचारले. जिन्याखालच्या वीजफलकाचे दार उघडून ते काम करत होते. हातातला पक्कड खाली न ठेवता त्यांनी सगळे ऐकून घेतले. पंचांनी सांगितलेले उलट्या हत्तीचे सांगितले, ते गंभीरपणे म्हणाले, "हे बरोबर आहे, हत्ती तो हत्तीच." महेशचंद्रांबद्दल सांगितले तेव्हा त्यांनी पक्कड ठेवला आणि नाव परत विचारून घेतले.

मग म्हणाले, "तिथे पुढचा डाव कोणाशी ते दुसरा कोणी ठरवणार. मला तुमच्याशी खेळायचं असतं. तुमच्या चुका मला माहीत आहेत, माझ्या तुम्हाला. दोन वर्षं लागली त्याला." मी म्हटले, म्हणजे नको? त्यावर थोडा वेळ गप्प राहिले. "स्पर्धा नको. पण तो तासाचा डाव परत खेळू. त्या दिवशी मी घाईत होतो हे मला घरी गेल्यावर कळलं."

मी विषय तिथेच सोडला. संध्याकाळी निघताना ते पुन्हा आले आणि चाली कशा लिहितात ते विचारले. मी रकाने आखून दिले, ए ते एच, एक ते आठ. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या रविवारचा आमचा डाव पहिल्या चालीपासून लिहायला घेतला. एकतिसाव्या चालीपर्यंत एकही चूक नाही. मी माझ्या वहीशी ताडून पाहिले. बत्तिसाव्याला थांबले आणि म्हणाले, "इथे तुम्ही हत्ती आधी डी७ वर नेला होता की एच७ वर?"

डी७ वर होता. तिथून एच७. मी विसरलो होतो.

जुने_डाव

तो कागद जपून ठेवा. आणि रविवारचा डाव इथे टाका, दोन्ही बाजूंच्या चाली.

पंचाची_खुर्ची

घड्याळ दर चालीला तीस सेकंदांवर लावा.